चौथा पाटा

पाटा म्हटलं की लोकांना वरवंटा आठवतो. मी कमानीचा मिस्त्री होतो असं सांगितलं तर एकदा एका पाहुण्याने विचारलं, "म्हणजे देवळाच्या कमानी का?" म्हणून आधी धंदा सांगून टाकतो. ट्रक, जीप, मॅटॅडोर, ट्रॅक्टरची ट्रॉली, कशाच्याही चाकाजवळ वाकून पाहिलंत तर पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून मधोमध आवळलेल्या दिसतील. सगळ्यांत वरची लांब, खालच्या एकेक करून आखूड. ती कमान. तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. गाडीचं, मालाचं आणि माणसांचं सगळं वजन या कमानीवर. खड्डा आला की ती दबते, खड्डा गेला की परत उठते. तिनं उठणं सोडलं की गाडी माझ्याकडे यायची.

माझं दुकान गडचिरोलीत चामोर्शी रोडवर होतं. जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. रोज कुठल्या ना कुठल्या खात्याची पाटी लागायची, जीपगाड्या यायच्या, आणि जंगलातून बांबूचे आणि लाकडाचे ट्रक तर आधीपासून होतेच. रस्ते मात्र जुनेच होते. कमानीवाल्याला याहून चांगले दिवस कोणते असणार? मी सायकलवर आलो होतो, तीन वर्षांत पक्कं शेड बांधलं. रस्ता चांगला होऊ नये असं मी कधी मनात आणलं नाही, पण होत नव्हता त्याचं दुःखही फार केलं नाही.

गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. एक बांबूचा ठेकेदार होता. दर पावसाळ्यानंतर यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, एक पाटा वाढवून द्या, माल जास्ती भरता येते." मी सांगायचो, भाऊ, कमान कडक केली की ती दबत नाही, मग झटका सरळ चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसतो आणि चासी फाटते. तो म्हणायचा, "चासीचं मी पाहतो." पुढच्या साली चासीला वेल्डिंग करून यायचा आणि आणखी एक पाटा मागायचा. दुसरीकडे एका साहेबांना जीप मऊ पाहिजे होती, कंबर दुखायची त्यांची. एक पाटा काढून दिला. आठ दिवसांत जीप बसली तशी साहेबांची कंबरही बसली आणि साहेबांनी मला शिव्या दिल्या. जीप बोलत नाही म्हणून बरं.

'बसली' हा आमचा शब्द. कमान दबते आणि परत उठते, तोवर सगळं ठीक. पण तिची एक हद्द असते. हद्दीच्या आत कितीही वेळा दाबा, ती आपल्या जागेवर येते. हद्दीपलीकडे एकदा जरी दाबली, तर उठते खरी, पण पुरती उठत नाही. थोडी खालीच राहते. तिला आम्ही म्हणतो कमान बसली. या गोष्टीला विज्ञानात मोठं नाव आहे, हे मला चौधरी सरांनी सांगितलं. ते ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. अकरावीची पोरं घेऊन एकदा ते दुकानात आले आणि पोरांना म्हणाले, "ही पाहा स्थितिस्थापकता." मी मागे वळून पाहिलं, म्हटलं कोण आलं.

सरांनी पोरांना विचारलं, "रबर जास्त स्थितिस्थापक की पोलाद?" सगळे म्हणाले रबर. मीही मनात रबरच म्हटलं. सर म्हणाले, पोलाद. ताणलं की रबर लगेच लांबतं, पोलादाला मात्र तेवढंच लांबवायला प्रचंड जोर लागतो. आकार बदलू पाहणाऱ्याला जो जास्त विरोध करतो, तो जास्त स्थितिस्थापक. बोलाचालीत आपण उलटं समजतो. मला ते त्या दिवशी पटलं नाही. आठ दिवस विचार केला तेव्हा पटलं. मग सर रविवारी यायला लागले. मी काय करतो ते बघायचे आणि त्याला पुस्तकात काय म्हणतात ते सांगायचे. मला काम येत होतं, त्यांना त्याचं नाव येत होतं. चहा मात्र नेहमी माझा.

एक गोष्ट त्यांच्या पुस्तकात नव्हती. ती मला माझ्या उस्तादांनी दिली होती. चंद्रपूरला त्यांच्याकडे मी सात वर्षं घण मारला. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. जुना पाटा बाक देऊन नवा करायचा तर तो भट्टीत लाल करावा लागतो, वाकवावा लागतो आणि एकदम तेलात बुडवावा लागतो. तेलातून निघालेला पाटा फार कडक असतो. इतका कडक की वाकत नाही, मोडतो. म्हणून त्याला परत हलक्या आचेवर धरायचं, कडकपणा थोडा उतरवायचा. याला आम्ही पाणी उतरवणं म्हणतो. किती उतरवायचं? जास्त उतरला तर पाटा मऊ पडतो, महिनाभरात बसतो. कमी उतरला तर कडक राहतो आणि एक दिवस न सांगता तुटतो. मोठ्या कारखान्यांत त्याला मोजायची यंत्रं असतात. आमच्याकडे सागाची काडी होती.

वाळलेल्या सागाची बोटभर जाडीची काडी घ्यायची आणि तापत्या पाट्यावर घासायची. आधी ती नुसती खरखरते. मग धूर येतो. मग काडी लोण्यावर चालल्यासारखी घसरायला लागते, आणि तिच्या टोकातून बारीक ठिणग्या निघतात. ठिणगी दिसली की पाटा भट्टीबाहेर. उस्ताद म्हणायचे, "आँख पे भरोसा मत कर, काडी पे कर." आणि काडी सागाचीच, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात पाठीत बुक्की मारून शिकवलं होतं, कारण मी पळसाची उचलली होती. दुसऱ्या लाकडाला ठिणगी दुसऱ्याच वेळी येते.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती सांगायला मी इतकी पानं घेतली, यावरून समजून घ्या.

सागाच्या काड्या मी लाकूड चिरणाऱ्या आरा मशीनच्या कचऱ्यातून आणायचो, मोळी बांधून शेडमध्ये ठेवायचो. त्या वर्षी धान कापणीच्या तोंडावर नवीन आलेल्या एका वनरक्षकाने मोळी पाहिली. "सागाचा तुकडा असला तरी पावती पायजे, मिस्त्री." पावती कुठून आणू? तो मोळी घेऊन गेला. त्याचं काम त्यानं केलं, मी त्याला दोष देत नाही. भट्टीजवळ एक बोटभर तुकडा तेवढा राहिला होता. त्यावर एखाद-दुसरा पाटा झाला आणि तो संपला. मग समोर बांबूच्या चिपाट्या पडल्या होत्या त्यातली एक उचलली. मला माहीत होतं की बांबू लवकर पेटतो. म्हटलं, ठिणगी आल्यावर जरा थांबून काढू. तोवर दहा-बारा वर्षं झाली होती धंद्यात. डोळ्यावर भरवसा ठेवला.

त्या आठवड्यात मी चार मुख्य पाटे केले. मुख्य पाटा म्हणजे सगळ्यांत वरचा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून कान केलेले असतात, त्यांतून पिन जाते आणि चाकाचा आख गाडीला धरून राहतो. दुसरा कुठला पाटा तुटला तर गाडी वाकडी होते. पुढच्या चाकाचा मुख्य पाटा कानाजवळ तुटला तर आख मागे सरकतो आणि गाडी आपोआप एका बाजूला वळते. ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

त्यांतला एक बांबूच्या ट्रकचा होता. तो डेपोच्या आवारातच तुटला, गाडी उभ्यासारखीच होती, कोणाला काही झालं नाही. ड्रायव्हर दोन्ही तुकडे घेऊन आला. मी तुटलेलं तोंड पाहिलं. पाटा थकून तुटतो तेव्हा तोंडाचा एक भाग काळपट आणि घासून गुळगुळीत असतो, कारण चीर आत आत कित्येक महिने सरकत असते. उरलेला भाग तेवढा ताजा. इथे तोंड सगळंच्या सगळं ताजं होतं, दाणेदार, साखरेसारखं चमकणारं. हा थकला नव्हता. हा कडक राहिला होता.

दोन पाटे गावातल्याच गाड्यांना होते. एक जीप, एक ट्रॉली. त्याच दिवशी दोन्ही खोलून आणले. दोन लाकडी ठोकळ्यांवर पाटा ठेवला आणि मधोमध घण घातला. चांगला पाटा असेल तर घण उसळून मागे येतो. दोन्ही पाटे एकेका घावात खापरासारखे फुटले. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, "गाड्या चालून राहिल्या होत्या ना बे? मंग हात दाखवून अवलक्षण कायले?"

चौथा पाटा मुलचेऱ्याकडे गेला होता. निताई नावाचा एक बंगाली माणूस, निर्वासितांच्या वस्तीतला, मॅटॅडोर चालवायचा. बाजाराच्या दिवशी त्या गाडीत वीस-पंचवीस माणसं, वर भाजीची पोती, टपावर कोंबड्यांची टोपली. त्याच्या पुढच्या डाव्या कमानीला माझा पाटा होता. चारांपैकी कोणता आधी, सागाच्या उरलेल्या तुकड्यावर झाला आणि कोणता मागून, बांबूवर, हे मला आठवेना. कोणता पाटा कोणत्या काडीवर उतरवला हे लिहून ठेवायची आमच्यात पद्धत नव्हती. तीन तर फुटले होते.

घरी आलो आणि बायकोला, शांताला, सगळं सांगितलं. नवा पाटा करायला साग पाहिजे होता. घरात एक मोडकी सागाची खुर्ची होती, तिचा पाय तोडला. शांता बघत होती. ती म्हणाली, "खुर्ची तं तवाबी घरातच होती." त्या वाक्याचा राग मला बरेच दिवस आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघालो. पोत्यात गुंडाळलेला पाटा खांद्यावर, हत्यारांची पिशवी हातात. कंडक्टरने पाट्याचं लगेज लावलं आणि वर विचारलं, "काय तलवार घेऊन चालले का?" निताईच्या गावात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. धान कापणी चालू होती, गाव अर्धं शेतात. निताई गाडी धूत होता.

"निताईभाऊ, डाव्या बाजूचा पाटा बदलायचा हाये."

"काऊन? गाडी एकदम फर्स्टक्लास चालून राहिली. बिलकुल बसत नाही. असा पाटा तुम्ही आजपर्यंत बनवला नाही, मिस्त्री."

बसत नाही हीच तर भीती होती. मी त्याला समजावून सांगितलं. काडीचं, बांबूचं, फुटलेल्या तीन पाट्यांचं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. मग म्हणाला, "उद्या बाजार आहे. पूर्ण गाडी भरून जाते." आणि स्वतःच जॅक काढायला गेला. तो मला एकही वाकडा शब्द बोलला नाही, आणि तेच मला जड गेलं.

चाक काढलं, यू-बोल्ट सोडले, कमान अख्खीच्या अख्खी खाली घेतली. ती मी खोलणार तेवढ्यात शेताकडून आरडाओरडा आला. चार माणसं खाट घेऊन पळत येत होती. खाटेवर मैनाबाई होती. पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, नवऱ्याबरोबर कापणीच्या मजुरीला आलेली, तिशीच्या आतबाहेरची. धानाच्या पेंढीखाली घोणस होती, पावलाला चावली. पिंढरीवर नायलॉनची दोरी करकचून बांधलेली होती. पाय सुजायला लागला होता. त्या काळी सगळे तसंच बांधायचे, आणि दवाखान्याशिवाय सोडायची नाही असंही सगळेच सांगायचे.

सकाळची एसटी गेली होती, पुढची दुपारी. एक जण सायकलवर मुलचेऱ्याला जीप बघायला पळाला आणि नंतर कळलं की जीप फिरतीवर होती. गावात दुसरी गाडी नव्हती. होती ती जॅकवर होती, माझ्यामुळे.

निताई म्हणाला, "मिस्त्री, कमान जशीच्या तशी चढवा. गडचिरोलीला पोचवून येतो, मग बदलवा."

जशीच्या तशी चढवायची तर अर्धा तास. पाटा बदलायचा तर कमान खोला, जुन्या कानातला बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, ठोकून काढा, नव्यात बसवा, सगळे पाटे परत रचून आवळा. तासभर जास्त. ठरवायचं होतं मला. तिथे दुसऱ्या कोणाला त्यातलं कळत नव्हतं.

गडचिरोलीच्या वाटेवर बिनकठड्याचे पूल होते, आणि निताई अशा वेळी हळू चालवणार नव्हता. गाडीत ती, तिचा नवरा, आणखी सात-आठ जण बसणार. तीन पाटे फुटले होते, त्यांतले दोन माझ्या डोळ्यांसमोर.

"हा पाटा मी लावत नाई," मी म्हटलं.

मैनाबाईचा नवरा, गणपत, माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "लावा ना भाऊ. कालपर्यंत चालतच होती ना गाडी."

"तुटला तं सगळेच मरू, भाऊ."

"अन नाई तुटला तं?"

मी बुश ठोकायला घेतला. लोकांनी मदत केली, कोणी नट धरला, कोणी पाटा दाबला. गणपत दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "लवकर करा, भाऊ." खाटेवरून मैनाबाईनं दोनदा विचारलं, "आखीन किती टाइम हाये?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. माझे हात चांगले चालत होते, हे मी अभिमानानं नाही सांगत. तासाच्या कामाला तास लागलाच.

गाडी निघाली. निताईनं खरंच पळवली. मी मागे बसून डाव्या चाकाचा आवाज ऐकत होतो. सगळे पूल गेले. नवा पाटा दबत होता आणि उठत होता. दवाखान्यात पोचलो, डॉक्टरांनी लगेच सुया सुरू केल्या.

मैनाबाई वाचली. पाऊल गेलं. नवव्या दिवशी घोट्याच्या वरून कापावं लागलं. मी रोज जात होतो, पपई नाही तर बिस्किटं घेऊन. त्या दिवशी व्हरांड्यात डॉक्टर गणपतला सांगत होते, दोरीनं रक्त तुटलं होतं, विषानंही मांस सडलं. दोरी तासभर आधी सुटली असती तर पाऊल कदाचित राहिलं असतं. कदाचित, असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी गणपतच्या मागेच उभा होतो. त्यानं वळून पाहिलं नाही. आत गेलो तर मैनाबाईनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर मी गेलो नाही.

जुना पाटा मी बरोबर आणला होता. त्या दोन पाट्यांना जसा घण घातला तसा याला घातला की झालं. फुटला तर मी बरोबर होतो. तो तास नऊ-दहा माणसांच्या जिवासाठी गेला. नाही फुटला तर तिचं पाऊल मी फुकट घालवलं. दुसऱ्या दिवशी ठोकळे मांडले, पाटा ठेवला, घण उचलला आणि परत खाली ठेवला. मग म्हटलं पुढच्या आठवड्यात. मग पाटा घरी नेऊन दारामागे उभा केला. शांताला झाडताना तो लागायचा. तिनं एकदाच विचारलं की हा इथे कशाला, आणि माझ्याकडे पाहून पुढे विचारलं नाही.

चौधरी सरांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. एखादा पदार्थ कुठे मोडतो हे कळायला तो मोडावाच लागतो, न मोडता ते नक्की सांगता येत नाही. मग म्हणाले, "पण तुम्हाला तो मोडेल याची भीती नाही ना मिस्त्री, मोडणार नाही याची आहे." मास्तर माणूस, खरं बोलायची सवय. त्या रविवारी मी त्यांना चहा विचारायचा विसरलो.

दोन साल गेले. सागाची मोळी आता पावतीसकट होती. काम तसंच चालू होतं. एका दुपारी निताईची गाडी दुकानासमोर थांबली. निताई उतरला, मागून गणपत, आणि मग कुबडीवर मैनाबाई. लाकडी पायाचं माप द्यायला दवाखान्यात आली होती. मी स्टूल पुसून दिलं. ती बसली, शेडभर नजर फिरवली.

"मिस्त्री, तो पाटा फोडला का?"

निताईनं तिला सांगितलं असणार. "नाई," मी म्हटलं.

"काऊन?"

"भेव लागते, बाई."

"माहा पाय कापला तवा मले कोणी इचारलं नाई, भेव लागते का म्हणून." ती रागानं नव्हती बोलत. बाजारात भाव सांगावा तशी बोलत होती. "आणा. मले पाहाचं हाये."

घर मागेच होतं. दारामागून पाटा काढून आणला. गंज चढला होता, कोळ्यानं जाळं केलं होतं, ते पुसलं. ठोकळे मांडले. गणपत म्हणाला, "राहू दे ना वं, आता काय त्याचं." ती म्हणाली, "तुमी चूप बसा."

मी घण घातला. हाताला झिणझिण्या आल्या आणि घण उसळून माझ्या डोक्याच्या वर गेला. दुसरा घातला, आणखी जोरानं. मग किती घातले मला माहीत नाही, निताईनं माझा हात धरला तेव्हा थांबलो. पाटा होता तसाच होता. त्याचा बाकसुद्धा हलला नव्हता.

मी खाली बसलो. रडू आलं, आणि तिच्यासमोर रडायचा मला हक्क नाही हे कळत असूनही थांबवता आलं नाही. रस्त्यानं बांबूचा एक ट्रक गेला.

मैनाबाई वाकली, पाट्यावर हात फिरवून पाहिला.

"मंग चांगलाच होता हा."

"हो."

"त दोन साल घरात काऊन ठेवला? गाडीले लावा." तिनं निताईच्या गाडीकडे बोट केलं. "तिलेच लावा. मले त्याच गाडीनं घरी जा लागते. मी बसतो इथी."

निताई जॅक काढायला गेला. मी चाक काढलं, यू-बोल्ट सोडले, कमान खाली घेतली, बुश काढला, बसवला, पाटे रचले, आवळले. तासाच्या वर लागला. ती स्टुलावर कुबडी मांडीवर आडवी ठेवून बसली होती, माझ्या हातांकडे बघत. लवकर करा असं ती एकदाही म्हणाली नाही.